विषाच्या वाटेने मेंदूकडे

मज्जासंस्थेवरचं कोणतंही पुस्तक उघडा, पहिलं चित्र मेंदूचं असतं. वळ्यावळ्यांचा गोळा, बाजूला नावांच्या रेघा. पुढे मेरुरज्जू, त्यानंतर चेता, आणि हाताच्या बोटांत किंवा पापणीत नक्की काय घडतं ते अगदी शेवटी, घाईघाईत. हे पुस्तक मी उलट्या टोकाने लिहिलं आहे. त्याची सुरुवात शेताच्या बांधावर होते आणि मेंदूचं प्रकरण सर्वांत शेवटी येतं. हा क्रम विक्षिप्त वाटेल, म्हणून त्याची कारणं आधीच सांगतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. सोयाबीन, कापूस, हळद ही इथली पिकं. विहिरीवरच्या मोटारीला रात्रीची लाईट मिळाली की माणूस बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो. उन्हाळ्यात अंगणात नाहीतर घरात खाली अंथरूण टाकून झोपायची सवय अजून गेलेली नाही. अशा मुलखात मज्जासंस्थेची पहिली ओळख शाळेतल्या तक्त्यावरून होत नाही. ढेकळाखालचा विंचू ती करून देतो, गोधडीत शिरलेली मण्यार करून देते, नाहीतर पाठीवरच्या पंपातून गळून सदऱ्यात मुरलेलं औषध करून देतं. तिन्ही विषं मज्जासंस्थेवरच घाव घालतात, पण तिघांची जागा वेगळी आणि तऱ्हाही वेगळी. कोणतं विष कुठे काम करतं ते नीट समजून घेतलं तर मज्जासंस्थेची अर्धी रचना आपोआप समजते. पाठांतराची गरज उरत नाही, आणि या वाटेने शिकलेलं एखाद्या रात्री उपयोगीही पडतं.

तरीही आधी थोडा नकाशा हवा. कवटीतला मेंदू आणि पाठीच्या कण्यातून उतरणारा मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. मेंदूचं वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोन टक्के. पण विसाव्याच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी वीसेक टक्के तो एकटा खातो. मेरुरज्जू जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटरचा. तो कण्याच्या टोकापर्यंत जातो असा समज आहे, प्रत्यक्षात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पाठीत सुई घालून पाणी काढतात ते त्याच्याही खालून, त्यामुळे ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही भीती निराधार आहे. मेंदूतून चेतांच्या बारा जोड्या निघतात, मेरुरज्जूतून एकतीस. त्यांच्या फांद्या नखापर्यंत पोचतात आणि त्या जाळ्याला परिघीय मज्जासंस्था म्हणतात. तिचाच एक भाग आपल्याला न विचारता काम करतो: हृदयाची गती, घाम, आतड्यांची हालचाल, बाहुलीचा आकार. ही स्वायत्त मज्जासंस्था. तिच्या दोन शाखा आहेत, संकटात शरीराला सज्ज करणारी अनुकंपी आणि निवांतपणी पचन-विश्रांती सांभाळणारी परानुकंपी. नकाशा एवढा पुरे. बाकीची नावं लागतील तशी येतील.

या सगळ्याचा मूळ घटक म्हणजे चेतापेशी. एकट्या मेंदूत त्या सुमारे ८६०० कोटी आहेत, आणि गंमत अशी की त्यांतल्या बहुसंख्य पेशी विचार करणाऱ्या मोठ्या मेंदूत नसून मागच्या बाजूच्या लहान मेंदूत, तोल आणि हालचालींची लय सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कात आहेत. सामान्य पेशीला नसतो तो लांब तंतू चेतापेशीला असतो. कमरेतून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकेक तंतू मीटरभर लांब भरतो. पेशी स्वस्थ असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश निघाला की तंतूच्या आवरणातले सोडियमचे मार्ग उघडतात, सोडियम आत घुसतो, क्षणभर विद्युतभार उलटा होतो, ती उलथापालथ पुढच्या भागाला जागं करते आणि अशी ती तंतूभर धावत जाते. मार्ग हजारांश सेकंदात बंद होतात. अॅलन हॉजकिन आणि अँड्रू हक्सली यांनी माकुळाच्या जाड तंतूवर प्रयोग करून याचं गणित १९५२ साली मांडलं आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं.

वेगाबद्दल एक आडवाट घेतो. औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथल्या चार किलोमीटरच्या भुजेत प्रकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास पोचेल. त्याच दुधाळ्याच्या वाटेवर अनवाणी माणसाच्या अंगठ्याला ठेच लागली, तर स्पर्शाची बातमी जाड, मेदावरण असलेल्या तंतूंतून सेकंदाला पन्नास-साठ मीटरच्या वेगाने धावते आणि डोक्यापर्यंत यायला तिला सेकंदाच्या तिसाव्या-चाळीसाव्या भागाइतका वेळ लागतो. ठणक्याची बातमी मात्र बारीक, उघड्या तंतूंतून सेकंदाला एखाद-दुसऱ्या मीटरने रांगत येते. म्हणून ठेच लागल्याचं आधी कळतं आणि ‘आई गं’ मागाहून निघतं. विश्वाच्या पोटातली थरथर मोजणाऱ्या यंत्राच्या शेजारी आपली यंत्रणा इतकी मंद आहे, आणि तरीही ती पुरते.

आता विंचू. आपल्याकडे काळा मोठा इंगळी विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो लहानसा तांबडा. त्याच्या विषाचं काम एका वाक्यात सांगता येतं: चेतातंतूंवरचे सोडियमचे मार्ग ते बंदच होऊ देत नाही. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं दार उघडल्यावर अडकून बसावं आणि पाळी संपली तरी पाणी वाहतच राहावं, तशी चेता संदेश सोडतच राहते. डंखाच्या जागी आग होते ती त्यामुळेच. तेवढ्यावर थांबलं तर रात्र रडत काढून माणूस सकाळी कामाला लागतो. पण विष रक्तात पसरलं की स्वायत्त चेता खवळतात. आधी उलट्या आणि दरदरून घाम, मग हातपाय गार. अॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात ओतली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला तो भार पेलवत नाही आणि फुप्फुसांत पाणी भरतं. दगावतो तो माणूस विंचवाच्या विषाने नव्हे, स्वतःच्याच अनुकंपी चेतांच्या अतिरेकाने.

ही साखळी उलगडणारा माणूस मराठवाड्याचाच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. शिकले नागपुरात आणि नोकरीला लागले रायगडात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. कोकणात विंचूदंशाने पोरं मरत होती, आणि त्यांना वाचवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांचा उपयोग होत नव्हता. बावस्करांनी रुग्णाशेजारी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. हा सगळा अनुकंपी चेतांचा उच्छाद आहे हे ओळखल्यावर उपायही त्याच चेतांवर हवा, हे ओघानेच आलं. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी रक्तवाहिन्यांवरचा तो दाब सोडवते. हे काम त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापलं. गंभीर दंशानंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण पूर्वी शेकडा तीसच्या घरात होतं, ते एकाच्या आसपास आलं. पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिलस आणि प्राझोसिन एकत्र द्यावं की एकटं प्राझोसिन पुरतं, याचीही त्यांनी रीतसर चाचणी घेतली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली आणि एकत्र उपचाराने रुग्ण लवकर सावरतो असं दिसलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला या गोष्टीतलं पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं ते असं, की स्वायत्त मज्जासंस्थेवरचं इतकं पक्कं काम एका आरोग्य केंद्राच्या खाटेजवळ झालं. त्याला हवं होतं रक्तदाबाचं यंत्र, वही आणि रात्रीची झोप सोडायची तयारी.

विंचू उतरवणाऱ्याचं काय, असा प्रश्न गावात कोणीतरी विचारतोच. उत्तर सोपं आहे. बहुतेक डंखांत विष पसरतच नाही. ठणका काही तासांनी आपणहून ओसरतो. मंत्र म्हणणाऱ्याला त्या ओसरण्याचं श्रेय मिळतं. हा श्रेयाचा घोटाळा या पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटेल, कारण मज्जासंस्थेच्या कितीतरी तक्रारी ठरावीक वेळाने स्वतःच बऱ्या होतात आणि तेवढ्याच तक्रारी ठरावीक वेळेत उपचार न मिळाल्यास कायमच्या बिघडतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

मण्यारीची गोष्ट वेगळ्या ठिकाणी घडते. संदेश तंतूच्या टोकापर्यंत पोचतो, पण तंतू स्नायूला टेकलेला नसतो. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडायला वीज उपयोगाची नाही; तिथे रसायन लागतं. हे सिद्ध केलं ऑटो लोवी यांनी, १९२१ साली, बेडकाच्या दोन हृदयांवर. एका हृदयाची चेता चेतवून त्याची गती मंदावली आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे चेतेने पाण्यात काहीतरी सोडलं होतं. ते द्रव्य पुढे असिटाइलकोलीन ठरलं. स्नायू हलवायचा हुकूमही हेच द्रव्य पोचवतं: तंतूच्या टोकाशी त्याच्या पिशव्या फुटतात, ते फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहींना चिकटतं आणि स्नायू आकसतो.

मण्यारीच्या विषातला एक घटक या टोकात शिरून पिशव्या रिकाम्या करतो आणि टोकच नासवतो. दुसरा घटक पलीकडच्या ग्राहींवर बसून ते अडवतो. तैवानमधल्या चांग आणि ली या संशोधकांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून हे घटक वेगळे केले. त्यांतला ग्राहींना घट्ट चिकटणारा पदार्थ हाती आल्यामुळेच पुढे असिटाइलकोलीनचे ग्राही वेगळे काढता आले, मोजता आले आणि पापण्या मिटवणाऱ्या, दिवसभरात स्नायू थकवत नेणाऱ्या एका रोगाचं मूळही त्या ग्राहींच्या तुटवड्यात सापडलं. विषानेच विद्या शिकवल्याची याहून चांगली साक्ष मला माहीत नाही.

गोधडीतल्या माणसाच्या बाबतीत हे कसं दिसतं? मण्यार रात्री चावते. दात बारीक, दुखणं जवळजवळ नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोट दुखतं आणि घरचे त्याला ओवा देतात. मग पापण्या जड होतात, एकाची दोन दिसतात, थुंकी गिळता येत नाही, आवाज नाकात जातो. पुढे मान टाकली जाते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. या सबंध काळात मेंदूला काहीही झालेलं नसतं. रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, पण खाटेभोवतीचं बोलणं त्याला ऐकू येत असतं, ‘गेला’ हा शब्दसुद्धा. कृत्रिम श्वास चालू ठेवला तर काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, चेतांची नवी टोकं फुटतात आणि तो उठून बसतो. देशात वापरली जाणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. मात्र नासलेलं टोक लस दुरुस्त करत नाही. ती फक्त पुढचा नाश थांबवते. म्हणून पान लागल्यावर, म्हणजे साप चावल्यावर, पहिला तास देवळात गेला की दवाखान्यात, यावर पुढचं सगळं ठरतं. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास, आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली.

नागाचं विष मुख्यतः पलीकडच्या ग्राहींवर बसतं, टोक नासवत नाही. त्यामुळे त्या फटीत असिटाइलकोलीन वाढवलं तर ते विषाशी झटू शकतं. ते वाढवायचं कसं? काम झालं की असिटाइलकोलीन मोडून टाकणारं एक विकर फटीत असतं. निओस्टिग्मिन हे औषध त्या विकराला काही काळ अडवतं. नागदंशाच्या रुग्णाची मिटलेली पापणी या इंजेक्शनने अर्ध्या तासात उघडताना दिसते.

आता हेच विकर कायमचं अडवलं तर? त्याचं उत्तर फवारणीच्या पंपात आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची कीटकनाशकं नेमकं तेच करतात, अळीच्या शरीरातही आणि फवारणाऱ्याच्या शरीरातही. मण्यारीच्या दंशात हुकूम पोचत नाही. इथे हुकूम थांबत नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, डोळ्यांना धार लागते, तोंडातून लाळ, छातीत कफ, पोटात कळ आणि जुलाब, मांडीच्या कातडीखाली स्नायूंचं फुरफुरणं. सतत हुकूम मिळून दमलेले स्नायू शेवटी लुळे पडतात आणि श्वास पुन्हा तिथेच अडकतो. एकाच फटीतल्या दोन उलट बिघाडांचा शेवट एकच.

पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात काय घडलं ते आपल्याकडे विसरलं जाऊ नये. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत पोचले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, एकात एक मिसळलेली औषधं, तोंडाला फार तर एक रुमाल. चर्चा बहुतेक नाका-तोंडाची झाली. ही औषधं कातडीतूनही शिरतात, घामाने ओली झालेली पाठ तर त्यांना अधिकच सोयीची, ही गोष्ट मागे राहिली. फवारणी करणाऱ्याला मास्क देऊन हात झटकणारा मालक त्याच्या मज्जासंस्थेची अर्धीच वाट बंद करतो. भिजलेला सदरा तिथल्या तिथे काढून अंग साबणाने धुणं हा उपचाराचाच पहिला भाग आहे.

या विषबाधेवर अॅट्रोपिन देतात. परानुकंपी चेतांचा हुकूम जिथे पोचतो ते ग्राही ते अडवतं, कफ आटतो, नाडी वर येते. औंढ्याच्या नागनाथाला भाविक वाहतात त्या धोतऱ्यात याच जातीची द्रव्यं असतात. म्हणून धोतरा खाल्लेल्या मुलाचं चित्र फवारणीच्या विषबाधेच्या बरोबर उलटं दिसतं: बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडं, कातडी तापलेली, बडबड. हे वाचून कोणी धोतऱ्याचा काढा करू नये. झाडात द्रव्य किती आहे ते झाडालाच ठाऊक, आणि उताऱ्याच्या मात्रेत चूक झाली तर तोही विषच.

सगळे आघात तासांत मोजले जात नाहीत. कुष्ठरोगाचे जंतू वर्षानुवर्षं चेतांत राहतात. त्यांना शरीराचे थंड, वरवरचे भाग आवडतात. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे काही आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथली चेता ते जाड करतात. पहिली तक्रार दुखण्याची नसते, न दुखण्याची असते: चुलीवरचं भांडं उचललं आणि चटका कळलाच नाही. वेदना हा शरीराचा पहारा आहे, हे कुष्ठरुग्णाच्या झडलेल्या बोटांइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला विषाणू चावलेल्या जागेपासून चेतांच्या आतून मेंदूकडे सरकतो, बहुधा काही आठवडे घेत. लस त्याच्या आधी पोचू शकते ती त्यामुळेच. विषाणू एकदा मेंदूत शिरला की उपाय नाही. त्यामुळे चेहऱ्यावरचा चावा पायावरच्या चाव्यापेक्षा घाईचा असतो. मेंदूपर्यंतचं अंतर कमी.

आणि आता लकवा. इथे आपण अखेर मेंदूत पोचतो. उजवा हात-पाय गेला की घाव डाव्या मेंदूत असतो, कारण हालचालीचे बहुतेक तंतू मेंदूच्या खालच्या टोकाशी बाजू बदलतात. उजव्या लकव्याबरोबर अनेकदा वाचाही जाते, कारण बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र डावीकडे आहे. पॉल ब्रोका यांनी १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये हे दाखवलं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी अडली तर दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख चेतापेशी मरतात असा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनमध्ये पाहावं लागतं. रक्तस्रावात तेच इंजेक्शन घातक. सेनगाव तालुक्यातल्या वाडीवरून निघून हिंगोली, तिथून गरज पडली तर नांदेड, असा प्रवास धरला तर साडेचार तास फार नाहीत. त्यातले दोन कबुतराचं रक्त चोळण्याच्या गावठी उपायात गेले, तर उरलेल्यांत काही होत नाही.

कबुतराच्या रक्ताला कीर्ती मिळाली कशी? पुन्हा तोच श्रेयाचा घोटाळा. चेहऱ्याची चेता कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. ती तिथे सुजली की तोंड एका बाजूला ओढलं जातं, डोळा मिटत नाही, आणि घरचे म्हणतात लकवा झाला. हा मेंदूचा आजार नाही. त्यातले शंभरातले सत्तरेक रुग्ण उपचाराशिवायही काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. वेळेत औषध मिळालं तर आणखी अधिक. त्या बऱ्या झालेल्या चेहऱ्यांच्या जोरावर खऱ्या लकव्याचे रुग्ण त्याच दारात नेले जातात. दोन्हींतला फरक कपाळावर दिसतो. रुग्णाला भुवया वर चढवायला सांगा. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही बाजूंच्या मेंदूतून तंतू येतात, म्हणून मेंदूच्या लकव्यात ओठ लोंबले तरी कपाळाला आठ्या पडतात. चेता सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं. ही खूण डॉक्टरला विचार करायला मदत करते; घरच्यांनी तिच्यावर विसंबून दवाखाना टाळू नये.

हिंगोलीत हळदीचा विषय निघाला नाही असं होत नाही. हळदीतल्या कुर्क्युमिनने स्मरणशक्ती वाढते, विसराळूपणाचा आजार टळतो, असं जाहिरातींत म्हणतात. प्रयोगशाळेत पेशींवर ते द्रव्य आशादायक दिसतं, पण पोटातून रक्तात फारच कमी शिरतं आणि माणसांवरच्या चाचण्यांतून ठोस पुरावा आलेला नाही. आपल्या पिकाचा अभिमान असावा, त्यावर खोटी गोळी विकू नये. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बांगलादेशात हळदीला झळाळी यावी म्हणून पॉलिश करताना शिशाचा पिवळा रंग मिसळला जात होता. २०१९ साली बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत तो सापडला. सरकारने छापे टाकले, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. शिसं चेतापेशीत कॅल्शियमची जागा बळकावतं. वाढत्या वयाच्या मुलाच्या मेंदूला शिशाची सुरक्षित मात्रा अशी नाहीच. हिंगोली-वसमतच्या बाजाराचं नाव देशभर आहे, ते टिकवायचं तर रंगापेक्षा तपासणीला भाव मिळाला पाहिजे.

हे सगळं वाचून जाणकार म्हणेल की झोप कुठे आहे, स्मृती कुठे आहे, मन कुठे आहे? ती प्रकरणं शेवटच्या भागात आहेत आणि मुद्दाम आखूड आहेत. त्या विषयांवर खात्रीने सांगण्यासारखं थोडं आणि मोहात पाडणारं फार आहे. फेफऱ्यावर मात्र लांब लिहिलं आहे. नाकाशी कांदा किंवा चप्पल धरल्याने झटका थांबत नाही; तो बहुधा दोन-तीन मिनिटांत स्वतःच थांबतो, आणि थांबत नाही तेव्हा रुग्णवाहिका लागते. झटका चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, एवढं घरातल्या मुलालाही शिकवता येतं. औषधं नियमित घेतली तर दहांपैकी सातेक रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. असं असताना या आजारापायी मुलींची लग्नं मोडतात, याला अज्ञानाखेरीज दुसरं कारण मला दिसत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत हिंगोलीचं एक आहे. जिल्ह्यात आता पहिल्या वर्षाची मुलं शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभी राहून हाताच्या चेता बोटाने चाचपून पाहतील. त्यांच्यासाठी जाडजूड ग्रंथ आहेत; हे पुस्तक त्यांच्यासाठी नाही. ते आशाताईंसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर बसणाऱ्यांसाठी आणि शेतात जाणाऱ्या घरातल्या वाचू शकणाऱ्या कोणाही माणसासाठी. पुस्तक सलग वाचायची सक्ती नाही. मण्यारीचं प्रकरण पेरणीच्या आधी वाचा, फवारणीचं सोयाबीनला पहिली फवारणी करण्याआधी, लकव्याचं आजच. आणि पान लागलेल्या माणसाला चालवू नका, जखम कापू नका, दोरीने करकचून बांधू नका, चावलेला भाग हलू न देता त्याला आडवं ठेवा आणि १०८ ला फोन लावा.